चौकातले पुतळे

भाईंदरहून रोज चर्चगेटला जाणारी बरीच मंडळी येथे बसलेली असतील. त्यांना मी आरंभीच एक प्रश्न विचारतो. चर्चगेट स्थानकाबाहेर पडले की रस्त्यापलीकडे पश्चिम रेल्वेच्या मुख्य कचेरीची जुनी दगडी इमारत दिसते. तिच्या माथ्यावर एक बाई उभी आहे. त्या बाईच्या हातात काय आहे?

उत्तर सुचत नसेल तर संकोच मानण्याचे कारण नाही. मी स्वतः पंचवीस वर्षे त्या रस्त्याने कामावर गेलो. पावसात छत्री, उन्हात रुमाल आणि एरवी घड्याळ, एवढ्यांतच लक्ष गुंतलेले. ती बाई मला प्रथम दिसली ती इटलीतले फ्लोरेन्स शहर पाहून परत आल्यानंतर. तिच्या हातात आगगाडीचे इंजिन आहे. बाळकृष्णाने लोण्याचा गोळा धरावा तसे तिने ते धरले आहे. ही इमारत १८९९ साली पुरी झाली. बोरीबंदरचे स्थानक बांधणारे स्टीव्हन्स हेच तिचे वास्तुशिल्पी, आणि ही मूर्ती रॉस्को मलिन्स या इंग्रज शिल्पकाराने घडविली. यंत्रविद्येची ती देवता आहे. सव्वाशे वर्षे ती आपल्या गाड्यांची ये-जा पाहत उभी आहे. आपण मात्र तिच्याकडे पाहिलेले नाही.

परक्या गावी गेल्यावर डोळे उघडतात आणि मग आपले गाव दिसू लागते, असा पुष्कळांचा अनुभव असतो. पुतळ्यांच्या बाबतीत तो माझाही झाला. म्हणून आधी फ्लोरेन्सचे थोडे सांगतो आणि मग आपल्याकडे येतो.

पुतळा पाहताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला, हा कोणाचा? दुसरा, तो कोणी उभारला आणि नेमका त्या वेळीच का उभारला? तिसरा, तो कसा घडविला? बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारून पुढे जातात. खरी गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत दडलेली असते.

फ्लोरेन्समध्ये सिन्योरिया नावाचा मोठा चौक आहे. आपल्याकडे गावच्या चावडीपुढे जशी मोकळी जागा असते तशी ही तिथल्या राजवाड्यापुढची जागा. तिथे डेव्हिडचा सतरा फूट उंच संगमरवरी पुतळा उभा आहे. धिप्पाड गोलियाथाला गोफणीच्या दगडाने लोळविणारा बायबलमधला मेंढपाळ पोरगा तो हा डेव्हिड. मायकेलअँजेलोने वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १५०१ साली, तो घडविण्यास आरंभ केला आणि १५०४ मध्ये पुरा केला. ज्या शिळेतून तो निघाला ती दुसऱ्या एका शिल्पकाराने अर्धवट कोरून टाकून दिलेली होती. जवळजवळ चाळीस वर्षे ती अंगणात पडून होती. पुतळा झाल्यावर तो कुठे ठेवावा हे ठरविण्यासाठी गावातल्या कलावंतांची एक समितीच नेमण्यात आली. तीत लिओनार्दो दा विंची होता, बोत्तिचेल्ली होता. पुतळा कारखान्यातून चौकात आणण्यास चाळिसांवर माणसे लागली आणि चार दिवस लागले. वाटेत रात्रीच्या वेळी काही पोरांनी त्याच्यावर दगडही मारले.

दगड मारण्याचे कारण काय? येथे आपला दुसरा प्रश्न उपयोगी पडतो. फ्लोरेन्समध्ये मेडिची नावाच्या सावकार घराण्याची सत्ता होती. १४९४ साली लोकांनी त्या घराण्याला हाकलून दिले आणि लोकराज्य आणले. मेडिचींच्या वाड्यात दोनातेल्लो या शिल्पकाराचा एक ब्राँझचा पुतळा होता: जुलमी सेनापतीचे मुंडके उडविणारी ज्युडिथ. लोकांनी तो उचलून राजवाड्याच्या दाराशी आणून ठेवला आणि राज्य बळकावू पाहणाऱ्यांना त्यावर लेख कोरून इशारा दिला. पुढे त्याच जागी डेव्हिड आला. लहानाने मोठ्याला लोळविले, म्हणजेच लोकांनी सावकारशाहीला लोळविले, असा अर्थ त्या काळी प्रत्येक फ्लोरेन्सकराला न सांगता कळत होता. मेडिचींच्या पक्षपात्यांनाही तो कळत होता.

पुढे मेडिची परत आले. १५५४ साली त्यांनी त्याच चौकात बेन्वेनूतो चेल्लीनीने ओतलेला पर्सियसचा पुतळा बसविला. पर्सियसच्या हातात मेदूसा राक्षसिणीचे तोडलेले मस्तक आहे. तिची नजर ज्याच्यावर पडे तो दगड होई अशी कथा आहे. आणि हा पुतळा असा उभा केला आहे की तिचे तोंड समोरच्या दगडी डेव्हिडाच्या दिशेने यावे. लोकराज्याचा पुतळा आणि राजाचा पुतळा चारशेहून अधिक वर्षे एकमेकांकडे पाहत उभे आहेत. मूळ डेव्हिड १८७३ साली ऊनपावसापासून वाचविण्यासाठी संग्रहालयात हलविला. १९१० साली त्याच्या जागी हुबेहूब प्रतिकृती बसविली. पण जागा मात्र कायमची रिकामी ठेवली नाही.

थोड्या अंतरावर सांता क्रोचे देवळापाशी महाकवी दान्तेचा पुतळा आहे. दान्तेला याच गावाने १३०२ साली हद्दपार केले. तो परत आला नाही. १३२१ साली राव्हेन्ना येथे त्याला मरण आले. पुतळा उभा राहिला तो १८६५ साली, म्हणजे जन्माला सहाशे वर्षे झाल्यावर. त्याच वर्षी फ्लोरेन्स नव्या इटलीची राजधानी झाली होती, आणि नव्या राष्ट्राला आपला कवी हवा होता. म्हणून मी म्हणतो की पुतळ्यावर ज्याचे नाव असते त्याच्याइतकीच, किंवा थोडी अधिकच, माहिती तो ज्यांनी उभारला त्यांच्याविषयी मिळते.

एवढे पाहून मी परत फिरणार होतो. पण आपल्यापैकी कोणी फ्लोरेन्सला जाणार असेल तर त्याने एक सकाळ राखून ठेवावी. गावाच्या पश्चिमेस अर्नो नदीच्या काठाने कासीने नावाचा लांबलचक बगीचा आहे. त्यातून चालत चालत अगदी टोकाला जावे. तिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते. त्या संगमाजवळ झाडीत एक छत्री उभी आहे. छत्री म्हणजे आपली छत्री: खांब, कमानी, वर घुमट. खाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. इटलीत आल्यापासून पाहिलेल्या शेकडो चेहऱ्यांत एवढा एकच चेहरा आपल्याकडचा.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. त्यांचा जन्म १८५० चा. १८६६ साली ते दत्तक येऊन गादीवर बसले. १८७० साली ते विलायतेच्या प्रवासाला निघाले. आपल्या प्रवासाची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. ती त्यांच्या पश्चात १८७२ साली कॅप्टन वेस्ट यांनी छापून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस.

आता अडचण अशी की दहन करायचे कोठे आणि कसे? इटलीत त्या वेळी प्रेताला अग्नी देण्याची चाल नव्हती. तिथले पहिले आधुनिक दहनगृह मिलान शहरात १८७६ साली निघाले. तरीही अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. बरोबरच्या मंडळींनी नद्यांचा संगम शोधला, कारण आपल्या रीतीप्रमाणे ती जागा योग्य. कोल्हापूरकरांना पंचगंगेचा काठ ठाऊक. येथे अर्नो आणि मुन्योने होत्या. रात्रीच्या वेळी त्या परक्या काठावर चिता पेटली.

१८७४ साली त्याच जागी स्मारक झाले. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. फ्लोरेन्सकर या स्मारकाला नुसते ‘इंडियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, असे म्हणतात. जवळच १९७८ साली अर्नोवर मोठा पूल झाला. त्या पुलाचे नावही ‘इंडियानो’. मोटारी हाकणाऱ्या तिथल्या माणसाला कोल्हापूर कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण ज्या पुलावरून तो रोज जातो त्याला एका मराठी राजाची आठवण चिकटलेली आहे. इकडे कोल्हापुरात राजाराम कॉलेज त्यांच्या नावाने चालते. पण तिथे शिकलेल्या किती जणांना ही छत्री ठाऊक असेल?

त्या छत्रीपाशी बसलो असताना माझ्या मनात सहज तुलना सुरू झाली. आपल्या तरुण राजाचा पुतळा परक्या गावाने दीडशे वर्षे जपला. परक्या राजाराण्यांचे पुतळे आपल्या मुंबईत होते. त्यांचे काय झाले?

मुंबईचा काळा घोडा सर्वांना माहीत आहे. पण घोड्यावर कोण होते असे विचारले तर नव्या पिढीला सांगता येत नाही. स्वार होता पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला इंग्लंडचा युवराज. पुतळा बोहम या शिल्पकाराचा. १८७९ साली आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. लोकांनी युवराजाकडे लक्ष दिले नाही. त्यांना घोडा आवडला. म्हणून चौकाचे नाव पडले काळा घोडा. १९६५ साली घोडा स्वारासकट तेथून हलविला आणि भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेऊन ठेवला. गंमत अशी की घोडा गेला तरी नाव गेले नाही. बावन्न वर्षे घोड्याशिवायचा काळा घोडा चौक नांदला. शेवटी २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसविण्यात आला, आणि त्यावर स्वार नाही. मुंबईकरांनी मूळ नाव ठेवतानाच जो निकाल दिला होता तोच शिल्पाने मान्य केला, असे म्हणावयास हरकत नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याची कथा याहून तिखट आहे. तो नोबल या शिल्पकाराचा. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी पैसा दिला आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले. दामोदर चापेकरांनी १८९६ च्या सुमारास त्याच पुतळ्याला डांबर फासले आणि खेटरांची माळ घातली. पुढे रँडच्या वधाबद्दल ते फाशी गेले. ज्या सत्तेपुढे तोंड उघडण्याची सोय नव्हती तिच्या पुतळ्याशी त्यांनी आधी बोलून घेतले. पुतळा निर्जीव असतो असे आपण म्हणतो. पण निर्जीव वस्तूला कोणी डांबर फासत नाही.

आज राणीचा तो पुतळा, लॉर्ड कॉर्नवॉलिस, वेलस्ली, सँडहर्स्ट, माँटेग्यू हे सारे भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहेत. कोणाचे नाक गेले आहे, कोणाचा हात. जवळच एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. पुढे ते मुंबईत आणून १९१४ साली जोडले. तुकडे होऊन राहिला म्हणून तो आपल्याजवळ राहिला.

हे परके पुतळे वितळवून टाकावयास हवे होते, की चौकातच राहू द्यावयास हवे होते, यावर दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, गुलामीच्या खुणा डोळ्यांसमोर कशाला? दुसरा म्हणतो, इतिहास पुसता येत नाही. मला वाटते, दोन्ही पक्षांत तथ्य आहे आणि संग्रहालयाच्या अंगणाने दोघांचाही मान राखला आहे. चौक हे मानाचे स्थान. तो मान कोणाला द्यावा हे ठरविण्याचा अधिकार त्या गावात राहणाऱ्यांचा. पण वस्तू जपणे हा निराळा प्रश्न आहे. हंगेरीतल्या बुडापेस्ट शहराने साम्यवादी राजवट गेल्यावर तिचे पुतळे गावाबाहेर एका बागेत नेऊन ठेवले. १९९३ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. मुंबईने जवळजवळ तीच गोष्ट त्याआधी पावशतकाहून अधिक काळ केली होती. उणीव एवढीच की आपण पुतळे हलवितो आणि त्यांच्याविषयी बोलणेही थांबवितो. एका पाटीचा खर्च तो काय! पण पाटीशिवाय पुतळा म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

मुंबईतच एक जागा अशी आहे की जिथे फ्लोरेन्सच्या चौकासारखे निरनिराळे काळ एकत्र दिसतात. ती म्हणजे हुतात्मा चौक. मधोमध १८६४ सालचे कारंजे आहे. त्यावर उभी आहे फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवता. एका बाजूस दादाभाई नवरोजी बसले आहेत. आपल्या देशाची संपत्ती कशी वाहून नेली जाते हे आकड्यांनी दाखविणाऱ्या या माणसाचा पुतळा बाळाजी वसंतराव तालीम यांनी घडविला आणि १९२५ साली, म्हणजे इंग्रजी अमलातच, तो येथे बसला. शिर्डीची साईबाबांची जी मूर्ती घरोघर तसबिरीत दिसते ती याच तालमांची. ती १९५४ साली बसली. आणि तिसरे, मशाल घेतलेला शेतकरी-कामगारांचा जोड पुतळा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पंधरा माणसे पडली. राज्य झाल्यावर १९६१ साली हे स्मारक उभे राहिले. त्यात कोणा एका पुढाऱ्याचा चेहरा नाही हे ध्यानात घ्या. जे पडले त्यांत फारसे कोणी नामांकित नव्हते. म्हणून स्मारकही नामांकिताचे नाही.

पुतळा मेल्यानंतरच उभारावा असा एक समज आहे. त्याला अपवाद कोल्हापूरचा. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी उभे राहिले. भाई माधवराव बागल यांचा त्यात पुढाकार होता. बाबासाहेब त्या वेळी हयात होते. राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते. दुसरा प्रश्न, ‘त्याच वेळी का?’, येथे स्वतःच उत्तर देतो.

आता तिसरा प्रश्न: पुतळा घडतो कसा? दगडाचा पुतळा काढून टाकण्याच्या रीतीने होतो. नको तेवढा दगड काढायचा. एक घाव चुकला तर परत चिकटवता येत नाही. ब्राँझच्या पुतळ्याची रीत याच्या उलट, भर घालण्याची. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा करतात. त्यावरून प्लास्टरचा साचा घेतात. साच्याच्या आत मेणाचा पातळ थर देतात, आत गाभा भरतात, बाहेरून भट्टीची माती लावतात. मग ते सारे तापविले की मेण वितळून निघून जाते आणि त्या जागी पोकळी राहते. त्या पोकळीत रसरशीत ब्राँझ, म्हणजे तांबे आणि त्यात सुमारे दहावा हिस्सा कथील, ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. आपल्याकडे देवाच्या पंचरशी मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या याच तत्त्वाने होत आल्या आहेत.

सांगायला सोपे, पण करताना प्राण कंठाशी येतात. चेल्लीनीने आत्मचरित्रात पर्सियस ओतल्याच्या रात्रीचे वर्णन केले आहे. त्याला ताप भरलेला, कारखान्याचे छप्पर पेटलेले, आणि भट्टीतला धातू घट्ट होऊ लागलेला. त्याने जास्तीचे लाकूड घातले आणि घरातली कथलाची ताटे-वाट्या, सुमारे दोनशे नग, भट्टीत टाकले. धातू वाहू लागला.

आपल्याकडचे असेच धाडस विनायक पांडुरंग करमरकर यांचे. अलिबागजवळच्या सासवण्याचा हा गणपती करणाऱ्या घरातला मुलगा. त्याने भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकण्याची वाट मिळाली. पुण्यात श्रीशिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा जो साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा आहे तो करमरकरांचा. कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची, म्हणजे फ्लोरेन्सच्या त्या छत्रीतील राजाच्याच गादीची. माझगावला तो एकसंध ओतला गेला आणि १९२८ साली उभा राहिला. जवळजवळ शंभर वर्षे झाली, घोडा जागचा हलला नाही.

घोड्यावरून आठवले. घोड्याचा एक पाय वर असला तर स्वार लढाईत जखमी झाला होता आणि दोन पाय वर असले तर तो रणात पडला, असे पुष्कळ जण खात्रीने सांगतात. ही निव्वळ लोककथा आहे. तसा नियम कोठेही पाळलेला नाही. खरा प्रश्न वजनाचा आहे. सर्व भार चार पायांवर तोलला तर काम सोपे. तीन पायांवर अवघड. मागच्या दोनच पायांवर फार अवघड. माद्रिद येथे स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाचा पुतळा ताक्का या फ्लोरेन्सच्याच शिल्पकाराने १६४० साली पुरा केला. त्यातला घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, आणि शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार घेतला आहे. भाराचा हिशेब गॅलिलिओने सांगितला अशी आख्यायिका आहे. पुढच्या वेळी अश्वारूढ पुतळा पाहाल तेव्हा शेपटीकडे अवश्य लक्ष द्या.

हा तिसरा प्रश्न कंटाळवाणा वाटत असेल तर मालवण आठवावे. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. सांगाड्याचा गंज, सांधणीतले आणि आराखड्यातले दोष अशी कारणे चौकशीत पुढे आली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे काय होते हे आपल्या खाडीकाठच्या माणसाला सांगावयास नको. घराच्या खिडकीचे गज तो दर दिवाळीला रंगवितो. महाराजांवरील भक्तीत कोणी उणे नव्हते. उणे होते ते कारागिरीत आणि तपासणीत. आदर मनात असतो. पण वजन सांगाड्याला पेलावे लागते.

आता आपल्या गावाकडे येऊ. पुतळे ही इंग्रजांनी आणलेली वस्तू, आपल्या भागात तशी परंपरा नव्हती, असे कोणी म्हणेल. त्याने बोरिवलीला उतरून एकसर गावात जावे. तिथे सहा वीरगळ उभे आहेत, माणसाहून उंच. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला. एकसरच्या शिळांचे वैशिष्ट्य असे की त्यांतल्या काहींवर तळाशी घोडे-हत्ती नाहीत, जहाजे आहेत. वल्ही मारणारे लोक, एकामागे एक नावा, शत्रूवर चाललेला मारा. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास जे आरमारी युद्ध झाले त्याचे हे चित्रण असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे मायकेलअँजेलोच्या सव्वादोनशे वर्षे आधी, आपल्यापासून दोन-तीन स्थानकांवर, कोणा अनाम पाथरवटाने चौकातले स्मारक घडविले होते.

आणि खुद्द मीरा-भाईंदर? १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर वस्ती भरली. मिठागरांचे, भातशेतीचे आणि कोळीवाड्यांचे हे गाव बघता बघता शहर झाले. येथे राहणारे पुष्कळ जण बाहेरून आलेले. कोणी गिरगाव-लालबाग सोडून, कोणी गुजरात-राजस्थानातून, कोणी उत्तरेतून. अशा शहराला आठवण कोठून येणार? ती चौकांतून येते. काशीमिऱ्याच्या नाक्यावर छत्रपतींचा पुतळा आहे. हमरस्त्यावरून येणाऱ्याला आपले गाव तिथूनच ओळखू येते. धारावीच्या डोंगरावर, चौक येथे, चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत हा डोंगर घेण्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात मोठी झुंज झाली होती. उत्तन-गोराईच्या वाटेवर ख्रिस्ती वाड्यांतले जुने दगडी क्रूस आहेत; तेही या मातीतलेच शिल्प.

उद्या आपल्या एखाद्या चौकात नवा पुतळा व्हायचा झाला तर नागरिक म्हणून आपण काय करू शकतो? तीन प्रश्न तेच. कोणाचा, याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. त्यावर वाद नको. पण आताच का आणि येथेच का, हे विचारावे. डेव्हिडच्या जागेसाठी लिओनार्दोसारख्यांना बोलावले गेले, आपण निदान एका वास्तुशिल्पज्ञाला विचारावे. कसा घडविला, हे तर अवश्य विचारावे: धातू कोणता, सांगाडा कसला, तपासणी कोणी केली, आणि पुढच्या पन्नास वर्षांची देखभाल कोणाकडे. पाटीवर अनावरण करणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. शिल्पकाराचे नाव बहुधा नसते. ते घालण्याचा आग्रह धरावा. आणि पुतळ्याला दरवर्षी एक हार घालून उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याच्यापुढे फलक बांधण्याची चाल सोडावी.

एक छोटे काम मात्र उद्यापासूनही करता येईल. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी भायखळ्याला जा. घोडा दाखवा, नाक गेलेली राणी दाखवा, जोडलेला हत्ती दाखवा. दुसऱ्या रविवारी एकसरच्या शिळांपाशी जा आणि खालून वर वाचायला शिकवा. घरी कोणी युरोपच्या सहलीला निघाले असेल तर त्याला सांगा, फ्लोरेन्समध्ये डेव्हिड सगळेच पाहतात. तू नदीकाठाने टोकापर्यंत चालत जा. तिथे वीस वर्षांचा आपला एक मुलगा दीडशे वर्षे एकटा बसला आहे. एक मराठी शब्द त्याच्या कानावर पडू दे.

आणि उद्या चर्चगेटला उतराल तेव्हा रस्ता ओलांडण्यापूर्वी क्षणभर वर पाहा. गाडीला उशीर झालेला असेलच. आणखी अर्ध्या मिनिटाने फारसे बिघडणार नाही.